पेल्याच्या टोपणाचा सायलेन्सर

मला घर बघायला नेलं नाही. आमच्यात मुलीला नेत नाहीत. जिला जन्मभर तिथं राहायचं ती सोडून आण्णा, आई, छगनमामा, दोन चुलते आणि माझा धाकटा भाऊ हर्षल, सगळे जीप करून पुणतांब्याकडं जाऊन आले, बासुंदी-पुरी खाऊन आले. मी पारनेरात बसून म्हशीची धार काढली. परत आल्यावर आईनं साडीसुद्धा बदलली नाही. आण्णांचा मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "बघ मोने, नशीब काढलंस."

बघितले फोटो. स्लॅबचं घर. फरशीचं बाथरूम, त्याचाही फोटो आण्णांनी काढून आणलेला. आणि दारात लाल ट्रॅक्टर. त्याच्या बॉनेटवर हात ठेवून आण्णा उभे, शेजारी आदिनाथ, म्हणजे माझा होणारा नवरा.

"सोताचा हाय," आण्णा म्हणाले. "नांगरट, उसाची वाहतूक, समदं त्याच्यावर. ट्रॅक्टरवरच चालतंय त्येंचं घर. एक दिस उभा ऱ्हात न्हाई म्हनं."

मी आण्णांकडं बघत नव्हते, आदिनाथकडंही नाही. मी सायलेन्सर बघत होते. दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. तो सायलेन्सर माझ्या ओळखीचा होता. मागच्या वर्षी मीच तो बनवला होता.

म्हणजे खरा नाही. एकास दहा मापाचा, तळहातावर मावेल एवढा. हर्षलचा मॉडेलचा धंदा आहे, मोबाईलवरच चालतो. लोक आपल्या ट्रॅक्टरचे, ट्रकचे, जुन्या जीपचे फोटो पाठवतात आणि हा सनबोर्डचा पुठ्ठा कापून हुबेहूब छोटी गाडी करून देतो. रंग झकास मारतो, उगाच खोटं कशाला बोलू. पण नुसत्या रंगानं ते खेळणंच दिसतं. सायलेन्सर बसला की मग बघणारा म्हणतो, अरे, हा तर आमचाच. आणि सायलेन्सर मी बनवते. सहा वर्षं झाली. आईचा कुकर उतरला की त्याच गॅसवर.

फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचे तुकडे आणायचे. तुकडा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा, की तांबं मऊ पडतं. मग आत बारीक मीठ भरायचं. नुसतं ओतून चालत नाही, टिचक्या मारून मारून ठासायचं, दोन्ही तोंडं साबणानं बुजवायची आणि पेनाभोवती नळी हळूहळू वाकवायची. मीठ आत घट्ट असलं की नळी गोल राहते, नाहीतर मधेच चिमटते आणि तुकडा वाया जातो. वाकवून झाली की कोमट पाण्यात सोडली, मीठ निघून जातं. पुढं कापणं, कथील वितळवून सांधे झाळणं, टोकाला दिव्याची काजळी धरणं. मला यातली मजा अजून संपलेली नाही. प्रत्येक ट्रॅक्टरचा सायलेन्सर वेगळा असतो, कारण कंपनीनं दिलेला तसाच कुणी ठेवत नाही. कुणी कापतो, कुणी जोडतो, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कुणी वर डबा पालथा घालतो, कुणी करवंटी.

आणि रीलमध्ये? रीलमध्ये हर्षलचे हात. धुतलेले, क्रीम लावलेले, बोटात अंगठी. मी दोन दिवस खपून केलेला सायलेन्सर हा कॅमेऱ्यासमोर उचलतो, त्याच्यावर फुंकर मारतो आणि म्हणतो, "मित्रांनो, हा पूर्ण आपण हातानं बनवलाय." आपण म्हणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. आता तो आवाज शेजारच्या खोलीतून आला तरी मला शिसारी येते. एकदा म्हटलं, माझे हात दाखव की. तर आईच मधे पडली. भाजलेली बोटं साऱ्या जगानं बघितली तर लग्न कसं जमायचं, म्हणाली.

आदिनाथची आई मला बघायला आली तेव्हा तिनं माझी बोटं हातात घेऊन उलटीपालटी केली होती. बाजारात वांगी बघतात तशी. "हे कशानं गं भाजलं?"

"भाकरी करताना," आईनं ठोकून दिलं. "तिला चुलीवरचीच आवडती करायला."

आमच्याकडं चूल पेटून आठ वर्षं झाली. मी मान खाली घालून बसले. गप्प बसले म्हणजे मीही खोटंच बोलले, आणि इतरांच्यापेक्षा मला माझीच किळस जास्त येते ती त्या दिवसाची.

तर तो सायलेन्सर. पुणतांब्याच्या एका म्हाताऱ्याची ऑर्डर होती, कानिफनाथ नावाच्या. आम्ही त्यांना कानिफनाना म्हणायचो. त्यांचा सायलेन्सर मधे कापून वीतभर उंच केलेला, धूर तोंडावर येतो म्हणून. जोडावर वेल्डिंगची तीन टेंगळं, मुगवड्या घातल्यासारखी. आणि वर टोपण म्हणून स्टीलच्या पेल्याचं बूड कापून बसवलेलं, त्याला सायकलच्या स्पोकची बिजागरी. गाडी चालू झाली की धुराच्या जोरानं टोपण टकटक उडायचं. मी व्हिडिओ कॉलवर नानांना तासभर छळलं होतं. स्पोक कुठल्या बाजूला? पेला कुणाचा? बुडाला कंगोरा किती? छोट्या मॉडेलला मी टिचबटणाचं टोपण केलं आणि फुंकर मारली की तेही उडायचं. असा सायलेन्सर दुसरा नसतो. आणि आता तोच आदिनाथच्या दारात उभा होता, तीन टेंगळांसकट.

"आण्णा," मी म्हणाले, "हा ट्रॅक्टर त्यांचा नाही. पुणतांब्याच्या कानिफनानांचा आहे. आपण त्याचं मॉडेल केलंय."

आण्णा हसले. "लाल ट्रॅक्टर काय एकच हाय व्हय जगात?"

"सायलेन्सर बघा. याला मी ओळखते."

"सायलेन्सर समदे सारखेच असत्यात."

"हर्षलला विचारा," मी म्हणाले. कारण मला वाटलं, एवढं तरी हा बोलेल. बहिणीचं लग्न आहे, शुक्रवारी सुपारी फुटायची आहे. दारात दुसऱ्याचा ट्रॅक्टर उभा करून मुलगी मागणारी माणसं, उद्या मला काय काय दाखवतील कुणास ठाऊक.

हर्षलनं फोटो बघितला. त्याला काहीही आठवलं नाही, ते मला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. आठवणार कुठून, त्यानं तो सायलेन्सर फुंकर मारण्यापुरताच हातात धरला होता. मीच मग त्याच्या मोबाईलवर जुनी रील काढून फोटोशेजारी धरली. वीतभर जोड, तीन टेंगळं, टोपण. आता तरी?

पण त्या रीलमध्ये तो बोलून बसला होता ना. "मित्रांनो, हे डिझाईन कुठं बघायला मिळणार नाही, हे माझ्या डोक्यातून आलंय." खाली शेकडो लोकांनी वाहवा केलेली. आता हा सायलेन्सर कानिफनानांच्या ट्रॅक्टरवरून घेतला म्हणायचं, तर डोक्यातून काय आलं होतं?

"दिसतोय तसाच," तो सावकाश म्हणाला. "पण ताई, हे डिझाईन माझं आहे. त्यांनी माझी रील बघून तसा बनवून घेतला असणार."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते. खऱ्या ट्रॅक्टरनं खेळण्यावरून सायलेन्सर घेतला?

आण्णांना मात्र ते एकदम पटलं. त्यांचा चेहरा असा उजळला, काय सांगू. "आसंच झालं आसंल. आरं, लाखभर लोक बघत्यात तुझं. जावईबापू बी बघत आसतील. आपल्या पोराचं डिझाईन पार तिकडं पोचलं की." लगेच छगनमामाला फोन लावून हे सांगायला निघाले होते. आईनंही कौतुकानं पोराच्या तोंडावरून हात फिरवला. शी. उठून मोरीवर गेले, तोंडावर पाणी मारलं, परत आले.

"नानांचा नंबर दे," मी हर्षलला म्हणाले.

"जुन्या फोनमध्ये गेला."

"बरं. मग तुझ्या डोक्यातून आलेला आहे ना, आत्ता बनव एक. फक्त वाक बनव, बाकीचं सोड." मी नळीचा तुकडा, मिठाचा डबा, साबण, पेन, सगळं ओट्यावर मांडलं आणि गॅस पेटवून दिला. "आण्णा, तुम्ही इथं बसा. आई, तूही."

"आता हे काय नवीन?" आई म्हणाली. पण आण्णा बसले. त्यांना पोराचं कसब बघायचं होतं.

हर्षलनं मला बघून बघून एवढं पाठ केलेलं होतं की मीठ घालतात. त्यानं चमच्यानं मीठ ओतलं. नळी तापवायची असते हेच विसरला. ठासलं नाही, तोंडं बुजवली नाहीत, कारण ते कॅमेऱ्यात कधी आलं नव्हतं. पेनाभोवती दाबली, पेन तुटलं.

"पेन हलकं होतं," तो म्हणाला.

मी लाटणं दिलं. नळी वाकली, आणि बरोबर मधे चिमटली. मीठ भसकन ओट्यावर सांडलं.

"रोजचा सराव न्हाई, बाकीची कामं आसत्यात त्याला," आण्णा म्हणाले.

दुसरा तुकडा दिला. तोही चिमटला. तिसरा त्यानं तापवला, पण थंड न करताच उचलला, बोट पोळलं, नळी फेकून दिली आणि आईवरून शिवी दिली. आई समोर बसलेली. ती म्हणाली, "लई भाजलं का रं?" आणि धावत टूथपेस्ट आणली. माझ्या बोटांना सहा वर्षांत कुणी पेस्ट लावली नाही, आणि घरातली पेस्ट मीच विकत आणत होते.

मग मी बसले. नळी तापवली, विझवली, मीठ ठासलं, वाक काढला. दहा मिनिटं लागली असतील. आण्णांच्या पुढ्यात ठेवला. आण्णा त्या वाकावरून अंगठा फिरवत राहिले.

"तू तर मदत करती म्हनायचीस," शेवटी म्हणाले.

"मी नाही. तुम्ही म्हणायचे."

सहा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या पाठीमागून जाऊन माठातलं पाणी पीत होता. मी गॅसपाशी, हातात पक्कड, समोर नळी. काय दिसत असेल त्यांना? पोरगी स्वयंपाकघरात आहे, एवढंच दिसत असेल.

हर्षलनं मान वर न करता मोबाईल काढला. नंबर त्याच फोनमध्ये होता. "कानिफनाना," तो पुटपुटला. "आण्णा, लावा तुम्हीच."

आण्णांनी लावला. मी स्पीकर चालू केला. नानांचा आवाज तसाच खणखणीत. कोण, कुठले, काय पाहिजे, सगळं विचारून झालं. मग आण्णांनी आडून आडून ट्रॅक्टरचं काढलं.

"व्हय, रैवारी दिला हुता की," नाना म्हणाले. "आदिनाथ आमच्याकडं डायव्हर हाय. सोयरीक जमाया आलीय, पावनं येनार हायती, म्हनला. म्या म्हनलं न्हे बाबा. सांच्याला धुऊन आनून लावला. गुनी पोरगं हाय तसं." मग थांबून त्यांनीच विचारलं, "तुमी पारनेरचं ना? ती पोरगी कशी हाय, सायलेन्सरवाली?"

"कोन पोरगी?" आण्णा म्हणाले.

मी हातभरावर बसले होते.

"आवो, तिनंच तर केला आमचा बारका सायलेन्सर. टोपनाचा पेला कुनाचा म्हून ईचारलं तिनं मला. आमच्या मंडळीचा हुता तो, पानी प्याचा. ती गेल्यावर म्या तिथं बशीवला. आजवर कुनी ईचारलं नव्हतं बगा." नाना थोडे हसले. "तिला म्हनावं टोपान आजून उडतंय."

आण्णांनी फोन ठेवला. त्या म्हाताऱ्याला मी एकदाच भेटले, तेही पडद्यावर, आणि सायलेन्सर कोण करतं ते त्याला ठाऊक होतं. खरं सांगते, आनंद नाही झाला. उलट घरातल्या तिघांचा जास्तच वीट आला.

आदिनाथ ड्रायव्हर आहे एवढं कुणी सरळ सांगितलं असतं, तरी मी हो म्हणाले असते. ड्रायव्हर असणं काही वाईट नाही. पण तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर माझ्या बापाला हात ठेवू देतो आणि शेजारी उभा राहून हसतो. तो हसरा फोटो मला परत बघवला नाही.

आण्णांनी छगनमामाला फोन लावला, स्थळ मामानंच आणलं होतं. सुरुवातीला चांगले तापले होते. ट्रॅक्टर परका, मुलगा ड्रायव्हर, ही काय रीत झाली, वगैरे. मामानं विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? आण्णा म्हणाले, "मोनीनं वळखला. त्याचं मॉडेल तिनंच बनवलंय, सायलेन्सर समदे तीच बनवती." सहा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

अर्ध्या तासात मामाचा फोन उलटा आला. आण्णांनी तो स्पीकरवरच घेतला.

"दाजी, ती मानसं भडकल्यात," मामा म्हणाले. "ट्रॅक्टरचं म्हनत्यात, आज ना उद्या घेनारच हुतो, त्यात काय एवढं. पर पोरगी झाळकाम करती, बोटं भाजून घेती, ह्ये तुमी लपीवलं. भाकरी म्हून सांगितलं. आदिनाथची आई म्हनती, आमची फसवनूक झाली. सुपारी मोडायला निघाल्यात. गाडी दुरुस्तीवाल्याची पोरगी करून आनायची का म्हनती."

फसवणूक त्यांची झाली. मी आण्णांकडं बघितलं. आता बोलतील. आता त्या बाईची चांगली हजेरी घेतील, मगाशी अंगठा फिरवला होता त्या वाकावरून.

आण्णांनी घसा साफ केला. "न्हाई वो छगनराव, तुमी चुकीचं ऐकलं. बनीवतो हर्षलच. ती आपली बसल्या बसल्या मदत करती. लग्नानंतर हात बी लावनार न्हाई, माझा शब्द हाय. आन् ट्रॅक्टरचं काय, घेतील की पुढं. पोरगं गुनी हाय. तुमी शुक्रवारचं मोडू नका."

वाक तिथंच होता, त्यांच्या पुढ्यात. मीठ अजून आतच होतं.

आई मान हलवत होती, हो, हो, बरोबर. हर्षल पोळलेल्या बोटावर फुंकर मारत होता. मला त्या स्वयंपाकघराचा, त्या मिठाचा, त्या तिघांचा असा तिटकारा आला. आणि गप्प बसले तर त्यात चौथी मी, हेही कळत होतं.

मी मोबाईल उचलला. "मामा, मोनिका बोलते. सायलेन्सर मी बनवते. बोटं त्यानंच भाजलीत, भाकरीनं नाही. मदत हर्षल करतो, रंगाची. त्यांना सांगा, ते मोडत नाहीत, मी मोडते. दुसऱ्याचा ट्रॅक्टर दारात लावणाऱ्या घरात मला यायचं नाही."

"आगं पोरी, आन्नांकडं दे फोन."

"आण्णा इथंच आहेत. ऐकतायत."

फोन ठेवला. आण्णा उठून बाहेर गेले, जाताना माझ्याकडं असं बघितलं, जणू खोटं मीच बोलले होते. हर्षल त्यांच्या मागून गेला. आईनं ओट्यावरचं सांडलेलं मीठ हातानं गोळा करायला घेतलं आणि गोळा करता करता रडायला लागली. मी जवळ गेले. म्हटलं, जाऊ दे आई, बरंच झालं, वेळेवर कळलं.

"सहा वरीस झाकून ठिवलं म्या," ती म्हणाली. "सहा वरीस कुनाला कळू दिलं न्हाई. आन् तू एका मिन्टात उघडं केलंस."